ऑस्ट्रेलियाचा वर्किंग हॉलिडे : सगळे विचारतात तेच प्रश्न, एकदाच लिहून टाकलेली उत्तरं

परत आल्यापासून लग्नात, बाजारात, अगदी कुणाच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत पण कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, "तो व्हिसा कसा मिळतो रे?" मामाच्या पोरानं तर बावीस व्हॉइस मेसेज पाठवलेत. म्हणून एकदाच बसून सगळं लिहितोय. मी तासगावकडचा, घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड, पुण्यात चार वर्षं कस्टमर सपोर्टची नोकरी, वय २८. जुलै २०२५ ला मेलबर्नला उतरलो आणि वर्षाच्या आतच परत आलो. आकडे तेव्हाचे आहेत आणि नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळं पैसे भरायच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या होम अफेअर्सची साइट स्वतः उघडून बघा, माझ्यावर विसंबू नका.

हा जॉब व्हिसा आहे की टुरिस्ट व्हिसा?

दोन्ही नाही आणि थोडाथोडा दोन्ही. नाव वर्क अँड हॉलिडे, सबक्लास ४६२. तरुण पोरांनी वर्षभर देश फिरावा आणि फिरायचा खर्च तिथंच काम करून काढावा अशी कल्पना. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा जो व्यापार करार झाला, डिसेंबर २०२२ ला लागू झाला तो, त्यातून ही दारं उघडली आणि २०२४ पासून भारतीयांना वर्षाला १००० जागा मिळायला लागल्या. १२ महिने राहता येतं, कितीही वेळा आतबाहेर करता येतं, चार महिन्यांपर्यंत काहीतरी शिकता पण येतं. कंपनीनं स्पॉन्सर करायची गरज नाही. पण सहसा एका मालकाकडं सहा महिन्यांच्या वर काम करता येत नाही, शेतीसारख्या काही कामांना त्यात सूट आहे. आणि हो, हा पीआर, म्हणजे तिथं कायमचं राहायचा परवाना, नाही. "एकदा गेलास की तिथंच सेट हो" असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

बॅलट म्हणजे लॉटरीच ना?

लॉटरीच. २५ ऑस्ट्रेलियन डॉलर (पुढं पण डॉलर म्हणजे तेच) भरून ऑनलाइन नाव नोंदवायचं, पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं, मग कॉम्प्युटर नावं काढतो. पहिल्या वर्षी ऑक्टोबर २०२४ मध्ये खिडकी उघडली आणि दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आले अशी बातमी होती. जागा हजार, आता करा गणित. नाव लागलं की मेल येतो आणि मग ठरलेल्या मुदतीत खरा अर्ज करायचा असतो, त्यामुळं स्पॅम फोल्डर रोज बघा. माझा मेल आला तेव्हा मी ऑफिसात कुणाच्या तरी रिफंडवरनं शिव्या खात होतो, आणि तो कॉल मी आयुष्यात पहिल्यांदा हसतहसत संपवला.

पात्रता काय लागते?

वय १८ ते ३०, म्हणजे एकतिसाव्या वाढदिवसाच्या आत अर्ज गेला पाहिजे. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण. कामचलाऊ इंग्रजी, आयएल्ट्सला सरासरी ४.५ पुरतात, ते तासगावच्या पोरालाही जमतं, घाबरू नका. खात्यात ५००० डॉलर दाखवायचे आणि परतीच्या तिकिटाचे वेगळे. पोराबाळांना सोबत नेता येत नाही. सहा महिन्यांच्या वर राहायचं म्हणून छातीचा एक्स-रे सांगतात, टीबीसाठी. एवढंच.

एजंट म्हणतोय तीन लाखांत बॅलटमध्ये नाव काढून देतो. देऊ का?

नाही. नाही. परत एकदा नाही. कॉम्प्युटर नावं काढतो, त्यात कुणाचा मेहुणा कामाला नाही. एका माणसाची एकच नोंदणी आणि ती मोबाईलवरनं पंधरा मिनिटांत होते. आमच्या तालुक्यातल्या एका पोरानं असेच पैसे भरले, नाव लागलं नाही, आणि पैसे मागायला गेला तर ऑफिसच्या जागी मोबाईल कव्हरचं दुकान.

एकूण खर्च किती येतो?

मी भरली तेव्हा व्हिसाची फी ६५० डॉलर होती, जुलै २०२५ ला ती ६७० झाली. मेडिकल, इन्शुरन्स, एका बाजूचं तिकीट, आणि दाखवायचे ५००० डॉलर. दाखवायचे म्हणजे कुणाकडनं आठ दिवसांसाठी उसने घेऊन दाखवायचे असं नाही बरं का, तिथं पहिला महिना-दीड महिना तेच खाऊन जगायचंय. हातात पाच लाख असल्याशिवाय विमानात बसू नका हे माझं मत. इन्शुरन्सवर काटकसर करू नका, आपल्याला तिथलं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य योजना, लागू नाही आणि पाय मुरगळला तरी बिल बघून दुसरा पाय लटपटतो.

घरच्यांना कसं पटवलं?

पटवलं नाही, दमवलं. आईचा प्रश्न एकच, "तिथं जाऊन नक्की काय करणार?" मी म्हणलं फळं तोडणार. आई म्हणाली, "मग इथं बाग कुणाची आहे?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि खरं सांगू का, अजून पण नीटसं नाही. अण्णा काहीच बोलले नाहीत, फक्त निघायच्या आदल्या दिवशी स्वतःची द्राक्षाची कात्री पुसून बॅगेत ठेवली. ती चेक-इनच्या बॅगेत ठेवायची असते, केबिनमध्ये नाही, हे पण मीच सांगितलं.

पहिलं काम कसं मिळालं?

चालत. अक्षरशः. मेलबर्नच्या हॉस्टेलात आठ जणांच्या डॉर्ममध्ये खालचा बेड घेतला, जुलै म्हणजे तिकडं ऐन थंडी, आणि रोज वीस-वीस रेझ्युमे छापून कॅफेत, हॉटेलात देत फिरलो. पहिले नऊ दिवस कुणी विचारलं नाही. मग शेजारच्या बेडवरच्या अर्जेंटिनाच्या पोरानं माझा रेझ्युमे बघितला आणि पोट धरून हसला. दोन पानांचा, वर ऑब्जेक्टिव्ह, खाली हॉबीज, मध्ये सगळी सर्टिफिकेटं. त्यानं अर्धं पान ठेवलं : नाव, फोन, कुठला व्हिसा, कधीपासून मोकळा, पूर्वी किचनमध्ये काय केलंय. मी म्हणलं किचनमध्ये काहीच नाही केलेलं. तो म्हणाला घरी लग्नात कधी वाढलं नाहीस का? वाढलंय की, पाच-पाचशे माणसाची पंगत! ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी किचनहँडचं काम लागलं.

किचनहँड म्हणजे भांडी, कांदे सोलणं, फरशी, कचरा, आणि शेफचा मूड. त्याआधी टॅक्स फाइल नंबर काढून घ्या, तो फुकट मिळतो, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. बारमध्ये दारू वाढायची असेल तर आरएसए नावाचा छोटा कोर्स लागतो, बांधकामावर जायचं तर व्हाइट कार्ड. दोन्ही असली की कामं पटापट मिळतात.

ग्रॅज्युएट होऊन भांडी घासायची लाज वाटत नाही का?

वाटली. पहिल्या आठवड्यात घरी व्हिडिओ कॉल करताना ॲप्रन काढून ठेवायचो. मग एकदा विसरलो, आज्जी होती लाइनवर, ती म्हणाली, "काय रं, सोवळं नेसलायस का?" आणि सगळं घर हसलं आणि प्रश्नच मिटला. माझ्या बाजूला भांडी घासणारी तैवानची पोरगी आर्किटेक्ट होती. ग्लास पुसणारा फ्रेंच वकिलीची परीक्षा देऊन आलेला. तिथं कुणी विचारत नाही तू काय शिकलास, विचारतात तुझी शिफ्ट कधी संपते.

फार्मवर जावंच लागतं का? हे ८८ दिवस काय प्रकरण आहे?

पहिल्या वर्षासाठी नाही. पण दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागात ठरावीक प्रकारचं तीन महिने काम लागतं, शेती, काही ठिकाणी टुरिझम, बांधकाम वगैरे. हेच ते ८८ दिवस, हॉस्टेलात लोक ते कैद्यासारखे भिंतीवर रेघा मारून मोजतात. तिसऱ्या वर्षाला सहा महिने. कुठला पिनकोड चालतो आणि कुठलं काम चालतं याची यादी साइटवर असते, काम घ्यायच्या आधी बघा, नंतर रडून उपयोग नाही. पेस्लिप सगळ्या जपून ठेवा. फुकट काम, म्हणजे राहण्या-जेवणाच्या बदल्यातलं, यात धरत नाहीत.

एक गंमत म्हणजे ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना जुलै २०२४ पासून हे फार्मचं बंधनच उरलेलं नाही, तीन वर्षं तशीच मिळतात. आमच्या बाजूच्या रांगेत एक इंग्लंडचा होता, त्याला विचारलं मग तू का आलास, म्हणाला ऊन पाहिजे होतं. ऊन! आपण त्याच्यापासून पळायला निघालेलो.

फळतोडणीत खरंच चांगले पैसे आहेत का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

ऑगस्टमध्ये मी मिल्ड्युराला गेलो, मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, मरे नदीच्या काठी. मूळचा रखरखीत मुलूख, १८८७ मध्ये चॅफी नावाच्या दोघा भावांनी नदीचं पाणी उचलून बागायत वसवली, आता सगळीकडं संत्री, द्राक्षं, बदाम. बसमधनं उतरलो आणि वेलींच्या रांगा बघून पोटात कालवलं, इतकं ते घरासारखं. फक्त रांगा संपतच नव्हत्या.

पहिलं काम संत्र्यांचं. खांद्याला मोठी पिशवी, शिडी, आणि भरायची लाकडी किंवा प्लॅस्टिकची बिन, अर्ध्या टनाच्या आसपास माल मावतो तिच्यात. आमचा ठेकेदार बिनवर पैसे द्यायचा, बिनला ५० डॉलर. पहिल्या दिवशी आठ तासांत माझी दीड बिन भरली. म्हणजे ७५ डॉलर. रात्री पाठ अशी धरली की बंकच्या शिडीवर चढता येईना, जमिनीवर झोपलो.

आता नीट वाचा. मी होतो तेव्हा, म्हणजे जुलै २०२५ पासून, तिथलं राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर होतं, कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेले कामगार, असाल तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ च्या पुढं. शेतीच्या अवॉर्डमध्ये, म्हणजे त्या धंद्यासाठी ठरलेल्या पगाराच्या नियमांत, पातळीप्रमाणे थोडाफार फरक पडतो. आणि एप्रिल २०२२ पासून फळतोडणीत असा नियम आहे की बिनवर पैसे ठरले असले तरी तासाची किमान रक्कम मिळालीच पाहिजे. बिन कमी भरल्या तर वरचा फरक मालकानं द्यायचा आणि तासांची नोंद त्यानं ठेवायची. मला हे माहीतच नव्हतं. तीन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होतो की आपण हळू आहोत, पुस्तकी आहोत, बागाइतदाराचा पोरगा असून हातात वेग नाही.

मग फसवलं तर काय करायचं?

मला त्या भांडी घासणाऱ्या तैवानच्या मैत्रिणीनं सांगितलं, ती पण मिल्ड्युरालाच आलेली. ती रोज वहीत सुरू-बंदची वेळ लिहायची, ब्लॉक नंबर लिहायची आणि बिनचा फोटो काढायची. फेअर वर्क ऑम्बड्समन म्हणून सरकारी खातं आहे, त्यांच्या साइटवर पगार मोजायचं कॅल्क्युलेटर आहे, फोनवर दुभाषा पण फुकट मिळतो. आम्ही पाच जणांनी तिची वही धरून हिशेब केला आणि ठेकेदाराला सभ्य भाषेत मेल टाकला, खाली त्या साइटची लिंक. चार दिवसांनी फरक खात्यात. आणि पाचव्या दिवशी "उद्यापासून काम नाही" असा मेसेज. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगतोय.

वर्किंग हॉस्टेलांबद्दल पण सावध राहा, म्हणजे जे आठवड्याचं भाडं आगाऊ घेतात आणि काम लावून देतो म्हणतात. चांगली पण असतात. पण काही ठिकाणी दोन-दोन आठवडे काम येतच नाही आणि भाडं चालू. एक आठवड्याच्या वर आगाऊ भरू नका. आणि खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा वाय-फाय नाही, धुराचा अलार्म आणि बाहेर पडायचा दरवाजा बघा. जून २००० मध्ये क्वीन्सलंडच्या चिल्डर्स गावात फळतोडणीवाल्या बॅकपॅकर्सच्या हॉस्टेलला आग लावली गेली त्यात १५ जण गेले. फार्मवरचे जुने लोक अजून ते नाव काढतात.

मित्र खरंच होतात का, की नुसते इन्स्टापुरते?

डॉर्ममध्ये आठ माणसं, एक फ्रिज, दोन शेगड्या. मैत्री होते नाहीतर मारामारी होते, मधलं काही नाही.

माझी सुरुवात पोह्यांनी झाली. हॉस्टेलच्या किचनमध्ये फ्री फूडचा कप्पा असतो, निघून जाणारे उरलेलं तेल-मीठ-पास्ता ठेवून जातात. तिथं मला कुणीतरी सोडलेला अर्धा पुडा जाड पोहे सापडला, मिल्ड्युरात! कुणी मराठी माणूस आपल्या आधी इथं राहून गेला या कल्पनेनंच मला भरून आलं. कांदे-पोहे केले, शेंगदाणे घातले, वर लिंबू. तो रेझ्युमेवाला अर्जेंटिनाचा पोरगा पण इथंच आलेला, त्यानं तीनदा घेतले आणि त्याचा तो माते नावाचा कडू चहा पुढं केला, एकाच भांड्यातनं एकाच नळीनं सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचा. आई बघत असती तर उष्टं-खरकटं म्हणून ओरडली असती. त्यानंतर आमचा एक गटच झाला : तो, तैवानची आर्किटेक्ट, एक जपानी मुलगा जो बोलायचा कमी आणि गायचा जास्त, आणि मी.

गून म्हणजे काय हे पण विचारतात लोक. खोक्यात मिळणारी सगळ्यात स्वस्त वाइन, बॅकपॅकर लोकांचं राष्ट्रीय पेय. दुसऱ्या दिवशी सहाला शिडीवर चढायचं असेल तर लांब राहा, मी एकदाच चुकलो.

गाडी घ्यावी का?

गटात घ्या. आम्ही चौघांनी मिळून एक म्हातारी स्टेशन वॅगन घेतली, तीन लाख किलोमीटर पळालेली. रजिस्ट्रेशनला तिथं रेगो म्हणतात, ते किती महिने शिल्लक आहे ते बघूनच भाव करा, आणि सरकारी साइटवर दोन डॉलर देऊन गाडीवर कुणाचं कर्ज नाही ना तेही तपासा. निघायच्या आधी आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. गाडी डावीकडूनच चालते त्यामुळं आपल्याला त्रास नाही, त्रास अर्जेंटिनाच्या पोराला झाला, तो प्रत्येक वळणावर उजवीकडं घुसायचा आणि आम्ही सगळे एकदम ओरडायचो, चार भाषांत.

सप्टेंबरअखेर आम्ही आंब्यासाठी उत्तरेला निघालो. मिल्ड्युरातनं ॲडलेड आणि तिथनं सरळ वर कॅथरिन, एकूण तीन हजारांच्या पुढं किलोमीटर, म्हणजे कन्याकुमारीहून काश्मीरसारखं पण मध्ये गावंच नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत यांबाला क्वारंटाइन नाका लागतो, फळमाशी येऊ नये म्हणून सगळी फळं काढून घेतात. आम्ही स्वतः तोडलेली दहा किलो संत्री मागं होती. नाक्यावरची बाई म्हणाली इथं उभं राहून खाऊ शकता, पुढं नेता येणार नाहीत. मग काय, चौघं रस्त्याच्या कडेला उभे राहून तासभर संत्री खात होतो. त्या दिवसापासून मी संत्रं खाल्लेलं नाही.

पुढं कूबर पीडी, ओपलच्या खाणींचं गाव, उन्हाळा इतका की लोक जमिनीखाली घरं कोरून राहतात. एक रात्र त्या गुहेत झोपलो, एवढी शांतता की जपान्याचं घोरणं दगडातनं परत यायचं. रात्री गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात, आणि रोड ट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेले ट्रक पन्नास मीटरच्या पुढं लांब असतात, त्यांना ओव्हरटेक करायचा मोह आवरा. पाणी कायम वीस लिटर ठेवा. प्रत्येक रोडहाऊसला टाकी फुल्ल, पुढच्याला बघू म्हणायचं नाही.

आंब्याचं काम कसं असतं?

कोकणातल्या माणसाला सांगायला नको, चीक. देठ तुटला की जो उडतो तो अंगावर पडला की भाजल्यासारखे चट्टे येतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, गॉगल, आणि तरी पहिल्या आठवड्यात मान सोलली. आपल्याकडं झेल्यानं आंबा अलगद काढतात, तिथं एक मोठं यंत्र झाडापाशी उभं राहतं, त्यावर ताडपत्री आणि साबणाच्या पाण्याची धार, आंबा तोडून टाकायचा की तो धुतधुत पट्ट्यावरनं पुढं जातो. जात केन्सिंग्टन प्राइड. हापूसची सर नाही, पण हे तिथं बोलायचं नाही, मालक मनाला लावून घेतात.

ऑक्टोबर म्हणजे तिकडं पावसाच्या आधीची घुसमट, बिल्ड-अप म्हणतात, ढग येतात, गडगडतं, आणि पडत काही नाही. त्यातच दिवाळी आली. आंब्याच्या ट्रेचा पुठ्ठा आणि पॅकिंगचा रंगीत कागद घेऊन आम्ही आकाशकंदील केला, डिझाइन तैवानच्या आर्किटेक्टचं, म्हणून एकदम मोजूनमापून झाला, आमच्या घरचा कधी इतका सरळ झाला नव्हता. आत मोबाईलचा टॉर्च. शेडचा मालक येऊन विचारून गेला की हे कीटक पकडायचं आहे का.

खायचं काय? मसाले नेऊ का?

गोडा मसाला, हळद, तिखट पॅकबंद न्या आणि विमानातल्या कार्डावर खाण्याचं आहे म्हणून टिक करा. दाखवलं की बहुतेक वेळा बघून सोडतात, नाही दाखवलं आणि सापडलं तर हजारो डॉलरचा दंड. खवा, पेढे, घरचं तूप, ताजी फळं, बी-बियाणं नकोच. माझी शेंगदाणा चटणी सुटली, आज्जीचे पेढे गेले. शाकाहारी लोकांनी घाबरू नका, डाळ-तांदूळ सगळीकडं मिळतो. न्यू साउथ वेल्समध्ये वूलगूल्गाला शिखांची मोठी वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या आणि आता ब्लूबेरीच्या बागा त्यांच्या, तिथं गेलात तर गुरुद्वारात लंगर चुकवू नका. मी जेवलोय. तीन महिन्यांनी गरम पोळी, मांडी घालून.

वर्णभेद होतो का?

माझ्याशी दोनदा झाला. एकदा गाडीतनं कुणीतरी ओरडून गेलं, एकदा घर बघायला गेलो तर फोनवर रिकामी असलेली खोली मला बघून भरली. बाकी वर्षभर लोक बरे भेटले. एक गोष्ट मात्र खटकली आणि ती सांगतोच, मला बिनच्या हिशेबात सगळ्यात कमी देणारा ठेकेदार आपल्याच उपखंडातला होता आणि पहिल्या दिवशी "भाई" म्हणाला होता.

मुलींनी एकटीनं जावं का?

हे मी काय सांगणार, मैत्रिणीला विचारलं. ती म्हणते जा, पण लांबच्या फार्मवर एकटीनं पहिलं काम घेऊ नका, आधी तिथं काम केलेल्या दुसऱ्या मुलीशी बोला, परत यायची स्वतःची सोय ठेवा, आणि "दुसऱ्या वर्षाच्या कागदावर सही हवी असेल तर" अशी भाषा कुणी केली की त्याच दिवशी बॅग भरा.

टॅक्स किती कापतात? सुपर परत मिळतं का?

वर्किंग हॉलिडेवाल्यांना पहिल्या डॉलरपासून १५ टक्के, ४५,००० डॉलरपर्यंत. टॅक्सचं वर्ष जुलै ते जून. सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखं, जुलै २०२५ पासून मालक पगाराच्या वर १२ टक्के भरतो. देश सोडल्यावर ते काढता येतं पण त्यातले ६५ टक्के सरकार कापून घेतं. शंभरातले पस्तीस हातात. दरोडाच आहे, पण पस्तीस तरी घ्या, पुष्कळ जण कंटाळा करून सोडून देतात.

द्राक्षात पण काम केलंस म्हणे?

केलं. जानेवारीअखेर परत मिल्ड्युरा, यावेळी द्राक्षाला. अण्णांची कात्री शेवटी बाहेर निघाली. आपला थॉमसन आणि तिकडचा सुलताना ही एकच जात, आणि पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाचं जे डिपिंग, म्हणजे द्रावणात बुडवणं, आपण बेदाण्याला करतो ते पण तिकडं जुनंच आहे. फरक असा की आता तिथं बरेच जण घड तोडून रॅकवर टाकतच नाहीत. काडी कापतात, वेलीवरच्या वेलीवर तेच द्रावण फवारतात, माल जागेवर वाळतो आणि मग मशीन येऊन झाडून नेतं. मी फोन उभा धरून अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग पहिला प्रश्न, "आणि पाऊस आला तर?" मालकाला विचारलं, तो म्हणाला पाऊस आला तर आम्ही पण रडतो. हे भाषांतर करून सांगितल्यावर अण्णांना तो माणूस एकदम आवडला.

दुसरा प्रश्न, "मजुरी किती?" मी सांगितलं, तासाला एकतीसच्या आसपास. रुपयांत किती ते पण सांगितलं. आपल्याकडं बाईमाणसाला दिवसभराची जी हजेरी पडते ती तिथं पंधरा-वीस मिनिटांत होते. अण्णा गप्प. मग म्हणाले, "आपल्या बायांना सांगू नको."

आम्हाला तिथं सकाळी नऊ-साडेनऊला स्मोको असायचा, चहाची सुट्टी. मी द्राक्षाच्या रांगेत बुड टेकून बसलो की मला आमच्या बागेतल्या रखमाकाकू आठवायच्या, थिनिंगला, म्हणजे घड विरळ करायला, दिवसभर मान वर करून उभ्या असायच्या आणि मी कॉलेजातनं आलो की विचारायच्या, "दमलास का रं बाळा?"

किती वाचवून आणलेस?

सगळं फिरून, गाडी विकून, साडेचार लाख. याच्यापेक्षा जास्त वाचवणारे पण असतात, ते फिरत नाहीत. पैशासाठीच जायचं असेल तर हा व्हिसा त्यासाठी नाही.

रेझ्युमेमध्ये गॅप पडली, आता नोकरीचं काय?

दोन इंटरव्ह्यू झाले. एकानं विचारलं की या काळात काय केलं, मी म्हणलं भांडी, संत्री, आंबे, द्राक्षं. तो हसला आणि पुढं अर्धा तास आंब्यावरच बोलत बसला, देवगडचा निघाला. नोकरी दिली नाही. सध्या मी घरीच आहे, शेडचा हिशेब बघतोय, आणि यंदा हजेरी थोडी वाढवलीय, त्यावरनं अण्णांशी बोलणं बंद-चालू असतं.

ते मित्र अजून संपर्कात आहेत का?

अर्जेंटिनाचा न्यूझीलंडला गेला. जपानी फोटो पाठवतो, शब्द नाहीत. तैवानची मैत्रीण येत्या हंगामात तासगावला येतेय, तिला बेदाण्याचं शेड बघायचंय आणि घरचा आकाशकंदील सरळ करून द्यायचाय. आईनं आत्तापासून पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकल्यात. मी तिला गमतीनं म्हणलं, ये, दोन दिवस रॅकवर कामाला लावतो, तासाचे पैसे देईन. तिनं लगेच उलट मेसेज केला की टुरिस्ट व्हिसावर काम चालत नाही, आणि तुझा तासाचा रेट आधी लेखी पाठव.